अपघाताच्या दाव्यात अपंगत्वाचा टक्का: प्रमाणपत्र कसं वाचायचं, पुरावा कसा उभा करायचा

"३० टक्के, उजव्या पायाच्या संदर्भात." फरशी बसवणाऱ्या एका कारागिराच्या प्रमाणपत्रावरची ही ओळ. वय ३४. कामावर जाताना दुचाकीला टेम्पोची धडक बसली, गुडघ्यालगतचं खालचं हाड फुटलं, प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. हाड जुळलं, पण गुडघा ८५ अंशांपुढे वाकेना. मी त्यांची वकील. फाइल माझ्या टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, "मॅडम, ३० टक्के म्हणजे कमाईच्या ३० टक्के भरपाई मिळणार ना?"

मोटार अपघाताच्या दाव्यात पहिल्यांदा उतरलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. उत्तर आहे, तसं काही ठरलेलं नाही. त्या ३० चे १० होऊ शकतात आणि त्याच ३० चे ४० सुद्धा. वैद्यकीय पुरावा किती नीट जमवला आणि तो तुमच्या रोजच्या कामाशी किती घट्ट जोडला, यावर ते ठरतं. माणूस खरोखर अधू झालेला असतो, पण कागद मुके राहतात आणि दाव्याची रक्कम घसरते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं.

इजा, अपंगत्व आणि कमाईतली घट

या तीन गोष्टी बोलताना एकमेकींत मिसळतात. इजा म्हणजे अपघातात जे मोडलं, फाटलं, चिरडलं ते. कायम अपंगत्व म्हणजे उपचार पूर्ण झाल्यावरही त्या अवयवात जी उणीव उरली ती. आणि कमाईक्षमतेतली घट म्हणजे त्या उणिवेमुळे तुमच्या पोटापाण्याच्या कामाचं किती नुकसान झालं ते. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टर सांगतात. तिसरी न्यायाधिकरण, म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, ठरवतं.

ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या ऑक्टोबर २०१० च्या निकालात अगदी सोप्या शब्दांत केली आहे. उदाहरण डाव्या हाताचं आहे. हात कापावा लागला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के गेली. तोच सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकून असेल, तर घट १०० टक्के म्हणता येणार नाही. टक्का एकच, माणसं दोन, भरपाई वेगळी.

त्याच निकालात न्यायाधिकरणाने कोणत्या क्रमाने विचार करायचा हेही दिलं आहे. या अपंगत्वानंतर माणूस कोणती कामं करू शकतो आणि कोणती नाही? अपघाताआधी त्याचा व्यवसाय काय होता, कामाचं स्वरूप काय, वय किती? आणि आता तो कसलंच काम करू शकत नाही, की जुनंच काम करू शकतो, की हलकं, कमी पैशांचं काम करण्याची वेळ आली आहे? तुमचा सगळा वैद्यकीय पुरावा या तीन प्रश्नांची उत्तरं देतो का, एवढंच सतत तपासत राहा.

टक्क्याने किती फरक पडतो

आमच्या कारागिरांचंच गणित मांडते. महिन्याची कमाई १८,००० रुपये. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार असल्याने भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरायचे (ही टक्केवारी 'प्रणय सेठी', २०१७ या निकालातली), म्हणजे २५,२०० रुपये. वर्षाचे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ या गटाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो वयानुसार ठरलेला आकडा, १६ आहे ('सरला वर्मा', २००९). गुणाकार येतो ४८,३८,४०० रुपये. जखमीच्या दाव्यात यातून स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. ती मृत्यूच्या दाव्यात होते.

आता या आकड्यावर टक्का लावा. १० टक्के घट धरली तर ४,८३,८४० रुपये. ३५ टक्के धरली तर १६,९३,४४०. मधले बारा लाख मेहनत न घेतलेल्या कागदामुळे हातचे जाऊ शकतात. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना आणि यातना, जगण्यातला हरवलेला आनंद यांच्या रकमा निराळ्या असतात. पण बहुतेक दाव्यांत सगळ्यांत मोठा तुकडा हाच.

पहिल्या दिवसापासूनचे कागद

पुरावा प्रमाणपत्रापासून नव्हे, अपघाताच्या रात्रीपासून सुरू होतो. दवाखान्यात नेल्यावर एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) नोंद झाली का, हे घरच्यांनी विचारून घ्यावं. त्या नोंदीत 'रस्ता अपघात' असं लिहिलेलं असणं फार मोलाचं असतं. घाबरलेल्या नातेवाइकाने "पडला" असं सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं, तर पुढे विमा कंपनी त्याच शब्दावर बोट ठेवते.

त्यानंतर इंज्युरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, प्रत्येक ओपीडीचा केसपेपर, फिजिओथेरपीची हजेरी आणि बिलं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म्स मूळ स्वरूपात जपा. सीडी मिळाली असेल तर तीही. नुसता रिपोर्ट पुरत नाही, कारण साक्षीच्या वेळी डॉक्टर फिल्म उजेडात धरून दाखवतात. तारखेप्रमाणे लावलेली साधी बॉक्स फाइल ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हाती देण्याआधी झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.

डिस्चार्ज कार्डावर सगळ्या इजा आल्या आहेत का, हे त्याच दिवशी वाचून बघा. पाय मोडलेला असतो, सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं, आणि मनगटाची दुखापत लिहायची राहून जाते. आठ महिन्यांनी तेच मनगट आखडलं की "हे अपघाताचं कशावरून?" असा प्रश्न येतो. राहिलेलं दुखणं पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या.

दावा लवकर, मोजमाप उशिरा

इथे नवखे लोक हमखास अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पण शरीर काही कायद्याचं कॅलेंडर बघून बरं होत नाही. मोठं हाड जुळायला, सांधा मोकळा व्हायला, दबलेली नस जागी व्हायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही.

म्हणून दावा वेळेत दाखल करा, त्यात "उपचार चालू आहेत, कायम अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर सादर करू" असं लिहा, आणि मोजमाप प्रकृती स्थिरावल्यावरच करून घ्या. स्थिरावणं म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे. यापुढे उपचाराने फारसा फरक पडणार नाही, अशी अवस्था. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात काढलेलं ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकत नाही, कारण डॉक्टरांनाच कबूल करावं लागतं की त्यानंतर सुधारणा झाली असेल.

प्रमाणपत्र कुणाचं

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाचं. 'राजकुमार' निकालात न्यायालयाने मागेल त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या, उपचाराशी काहीच संबंध नसलेल्या डॉक्टरांबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. कोर्टाच्या आवारात कुणी "हवा तेवढा टक्का काढून देतो" म्हणून भेटलं, तर तिथून निघा. अशा एका कागदाने उरलेल्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयातून मिळणारं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालचं आहे. सवलती आणि योजनांसाठी तिथे ४० टक्क्यांची अट महत्त्वाची. त्यामुळे "४० च्या खाली आलं, आता दावा संपला" असा समज पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. अपघाताच्या दाव्यात ४० टक्क्यांची कोणतीही रेघ नाही. १२ टक्के असले तरी ते कामावर काय परिणाम करतात, हेच बघितलं जातं.

प्रमाणपत्र ओळीने वाचा

टक्का शेवटी बघा. आधी टक्क्यानंतरचे शब्द बघा: कोणत्या अवयवाच्या संदर्भात? सरकारी नमुन्यात शरीराचा भाग लिहायला जागाच असते. 'उजव्या पायाच्या संदर्भात ३० टक्के' आणि 'संपूर्ण शरीराच्या संदर्भात ३० टक्के' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अवयवाचा टक्का जसाच्या तसा शरीराचा धरत नाहीत. काही ठिकाणी पायाच्या टक्क्याचा एक तृतीयांश भाग शरीराचा धरण्याचा प्रघात आहे, आणि विमा कंपनीचा वकील तोच आकडा पुढे करतो. आमच्या कारागिरांच्या ३० चे १० असेच झाले असते. हा प्रघात आहे, कायदा नव्हे. पुरावा देऊन तो बाजूला सारता येतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर सप्टेंबर २०२० मध्ये हेच घडलं. डेटा एंट्रीचं काम करणाऱ्या आणि हात गमावलेल्या एका तरुणाचा ८९ टक्क्यांचा आकडा उच्च न्यायालयाने ४५ वर आणला होता, कारण ८९ हे हाताचं होतं, शरीराचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कामाकडे बघून घट ६५ टक्के ठरवली.

पुढची ओळ: कायम की तात्पुरतं? सुधारणा होण्याची शक्यता लिहिली आहे का? फेरतपासणी सुचवली आहे का? 'कायम' हा शब्द नसेल, तर भविष्यातल्या कमाईचा मुद्दाच डळमळीत होतो.

मग कारण. तपासणीत काय आढळलं ते प्रमाणपत्रात किंवा सोबतच्या तपासणी अहवालात हवं. नुसता टक्का लिहिलेलं प्रमाणपत्र म्हणजे रीत न दाखवता लिहिलेलं उत्तर.

एकाहून अधिक उणिवा असतील तर बेरीज सरळ होत नाही, हेही लक्षात ठेवा. अस्थिव्यंगाच्या मोजमापात मोठा आकडा 'अ' आणि लहान आकडा 'ब' धरून अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र वापरतात. म्हणजे ४० आणि २० मिळून ६० नव्हे, साधारण ५१ येतात. डॉक्टरांनी कमी लिहिलं म्हणून भांडायला जाण्याआधी हे गणित करून बघा.

तपासणीच्या खोलीत काय होतं

पुरावा तयार होतो तो इथे, म्हणून इथे घाई करू नका. डॉक्टर गोनिओमीटर नावाची दोन पट्ट्यांची कोनमापी सांध्यावर ठेवतात. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या, आणि मधल्या चकतीवर अंश वाचतात. निरोगी गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत मिटतो. आधी तुम्हाला स्वतः वाकवायला सांगतील, मग ते हाताने वाकवून बघतील. दोन्ही आकडे लिहिले जायला हवेत.

मग टेपने मोजणी. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले की आखूडपणा सेंटिमीटरमध्ये कळतो. गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर घेतात. न वापरलेली मांडी रोडावते आणि ते सोंग करून जमत नाही. माझ्या मते हा सगळ्यांत प्रामाणिक आकडा आहे, आणि बऱ्याच अहवालांत तोच लिहायचा राहून जातो. विनंती करून लिहून घ्या. स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत नोंदवतात. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो, पण वर जरासा दाब दिला की टिकत नाही. नसेला इजा असेल तर नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी (नसा आणि स्नायूंमधले विद्युत संकेत मोजणाऱ्या) तपासणीचा आलेख जोडावा.

तपासणीत काही वाढवून सांगू नका. अनुभवी डॉक्टर तुम्ही खुर्चीवरून उठताना, चपला घालताना बघत असतात. तळहातावरचे घट्टे ताजे आहेत की विरलेले, चपलेचा तळ कुठून झिजलाय, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्याचबरोबर सोसून दाखवण्याचीही गरज नाही. आपल्याकडे विशेषतः बायका "चालतंय हो डॉक्टर" म्हणून मोकळ्या होतात आणि केसपेपरवर 'तक्रार नाही' असं लिहिलं जातं. दुखतंय तर दुखतंय म्हणा, कधी आणि काय करताना तेही सांगा.

डोक्याला मार असेल तर वाट थोडी वेगळी. तिथे हाडासारखं बाहेरून काही दिसत नाही. दाखल करतानाचा ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्धीची पातळी सांगणारा, आकडा (३ ते १५), सीटी स्कॅन, फिट्सच्या नोंदी आणि मानसशास्त्रज्ञांनी केलेली स्मरणशक्ती व एकाग्रतेची चाचणी यांवर सगळं उभं राहतं. घरच्यांनी वहीत तारखेसह लिहून ठेवावं: गॅस चालू राहिला, दुकानाचा हिशोब चुकला, मुलावर विनाकारण ओरडले. ही वही डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्यांच्या कागदावर तिचा उल्लेख येईल.

टक्क्यापासून कामापर्यंतचा पूल

प्रमाणपत्र सांगतं की गुडघा ८५ अंशांपर्यंतच वाकतो. फरशी बसवायला उकिडवं बसावं लागतं, गुडघ्यावर टेकून लेव्हल बघावी लागते, बसल्या बसल्या मागे सरकावं लागतं. उकिडवं बसायला गुडघा जवळजवळ पूर्ण मिटायला हवा. हा दुवा कागदावर कुणीतरी जोडायला लागतो, तो आपोआप जुळत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. त्यांच्या शपथपत्रात कामाचा एक पूर्ण दिवस लिहिला: किती वेळ बसणं, किती वजन उचलणं, किती जिने. ज्या ठेकेदाराकडे ते काम करत त्याची साक्ष घेतली. अपघातानंतर त्यांना मालावर लक्ष ठेवायला बसवलं होतं आणि मजुरी जवळजवळ अर्ध्यावर आली होती, हे त्याच्या हजेरीच्या वहीतून पुढे आलं. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेतलं. त्यात टक्का नव्हता. फक्त एवढंच होतं की या रुग्णाला उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर टेकणं आणि वजन घेऊन जिना चढणं कायमचं शक्य नाही. मला विचाराल तर त्या फाइलमधला सगळ्यांत मोलाचा कागद तोच होता.

जुनं दुखणं असेल तर लपवू नका. पन्नाशीनंतरच्या बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसते, आणि विमा कंपनी ती अपघाताच्या माथी मारल्याचा आरोप करते. खरं उत्तर असतं, "झीज होती, पण अपघाताआधी मी रोज कामावर जात होतो." ते सिद्ध करायला हजेरी, पगारपत्रक, आणि आधीच्या काही वर्षांत त्या दुखण्याचे उपचार घेतले नव्हते ही वस्तुस्थिती उपयोगी पडते.

डॉक्टरांची साक्ष

प्रमाणपत्र दाखल केलं की काम झालं, असं नाही. ते देणाऱ्या डॉक्टरांना पिंजऱ्यात येऊन ते सिद्ध करावं लागतं, नाहीतर समोरची बाजू त्यावर आक्षेप घेते आणि कागद बाजूला पडतो. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, कारण अख्खा दिवस जातो. 'राजकुमार' निकालात यावरही उपाय सुचवले आहेत: डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, आल्यावर त्यांची साक्ष आधी घ्यावी, गरज पडली तर कमिशन नेमून, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत कोर्टाबाहेर, साक्ष नोंदवावी. तुमच्या वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा.

विमा कंपनीने वैद्यकीय मंडळाकडून फेरतपासणी मागितली तर जा. न जाण्याचा अर्थ वाईट लावला जातो. सगळ्या फिल्म्स घेऊन जा आणि नवीन मोजमाप काय निघालं याची प्रत मागा.

आमच्या डॉक्टरांना उलटतपासणीत विचारलं, "हा माणूस चालू शकतो ना?" ते म्हणाले, "हो." "गाडी चालवू शकतो?" "बहुधा हो." उलटतपासणी संपल्यावर पुन्हा प्रश्न विचारायची माझी पाळी आली, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "फरशी बसवू शकतो?" त्यांनी हातातला एक्स-रे खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही. बसताच येणार नाही." न्यायाधिकरणाने घट ३५ टक्के धरली.

निकाल हातात आल्यावर

अपंगत्वाचा परिच्छेद शोधून वाचा. कोणता टक्का धरला, तो अवयवाचा की शरीराचा, कामाचा विचार केला का, प्लेट काढण्याच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च धरला का? त्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला असेल, तर तो वगळण्याचं कारण निकालात दिसायला हवं. काही चुकलं असेल तर कलम १७३ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत करायचं असतं, आणि वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील होत नाही. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज द्या.